पोलिसांच्या गाडीत सोशल वर्कर कशाला?

समजा घरातला तरुण मुलगा चार रात्री झोपलेला नाहीये, शेजारच्यांनी टाकीत काहीतरी कालवलंय म्हणून पाणी पीत नाहीये, आणि आज रात्री दीड वाजता त्याने स्वयंपाकघरातली सुरी उचलली. आईवडिलांनी फोन कुणाला करायचा? नेहमीचे डॉक्टर या वेळी फोन उचलतील याची खात्री नाही, अँब्युलन्स आली तरी तो आपण होऊन तिच्यात बसणार नाही, आणि गावाकडचा काका म्हणणार, सकाळपर्यंत कळ काढा, मग त्या अमक्या देवऋष्याकडे नेऊ. राहता राहिले पोलीस. त्यांना बोलावताना आपल्याकडे एक वाक्य हमखास असतं, "साहेब, जरा दम द्या त्याला."

बहुतेकांची खरोखर हीच अपेक्षा असते, की खाकी दिसली की पोरगा गप्प बसेल. कधीकधी बसतोही. पण ज्याला आधीच वाटतंय की लोक आपल्या जिवावर उठलेत, त्याच्या दारात अनोळखी चार माणसं काठ्या घेऊन उभी राहिली तर त्याची शंका खरीच ठरली की नाही? इथून सगळा घोळ सुरू होतो, आणि तो फक्त आपल्याकडे नाही, जगभर आहे. म्हणून बऱ्याच देशांत अशा कॉलला पोलिसांबरोबर मेंटल हेल्थमधला प्रशिक्षित माणूस पाठवायची पद्धत सुरू झाली, कुठे सोशल वर्कर, कुठे सायकियाट्रिक नर्स, कुठे काउन्सेलर. (सोशल वर्कर म्हणजे चौकात ज्यांच्या वाढदिवसाचे फ्लेक्स लागतात ते नाही हां, रीतसर एमएसडब्ल्यू वगैरे शिकलेली माणसं.) ही पद्धत नक्की चालते कशी, कुठे फसते आणि आपल्याकडे तिचं काय होऊ शकतं, ते बघू.

आधी एक गोष्ट क्लिअर करतो. मानसिक आजार असलेली बहुसंख्य माणसं कुणाच्या अंगावर जात नाहीत, उलट मार खाण्याची वेळ त्यांच्यावरच जास्त येते. सुरीवाला प्रसंग मी मुद्दाम अवघड घेतलाय, कारण "पोलिसांशिवाय कसं जमेल" हा प्रश्न तिथेच येतो.

आता पोलिसांचं ट्रेनिंग बघा. हत्यार दिसलं की मोठ्या आवाजात हुकूम द्यायचा, जागा ताब्यात घ्यायची, माणूस ताब्यात घ्यायचा आणि लवकर मोकळं व्हायचं कारण पुढचे कॉल थांबलेत. चोर-दरोडेखोरासाठी हे बरोबरच आहे. पण ज्याच्या डोक्यात आधीच तीन आवाज बोलतायत त्याला चौथा आवाज "सुरी टाक" म्हणून ओरडला तर तो ऐकणार कुठला, त्याला ते शब्द नीट पोचतही नाहीत, आणि समोरच्याला वाटतं हा मुद्दाम ऐकत नाहीये. सोशल वर्कर किंवा नर्सचं शिक्षण बरोबर उलट्या दिशेचं असतं, वेळ खेचायचा. सायरन बंद, लाइट बंद, लांबूनच नाव विचारायचं, शेवटचं कधी जेवलास, झोप लागते का, गोळ्या चालू आहेत की बंद केल्यास, केल्यास तर का केल्यास, हे सगळं घाई न करता. मधेच आईला बाजूला घेऊन विचारायचं की हा एरवी कशाने शांत होतो. वीस मिनिटांत तो खाली बसला तरी पुष्कळ झालं. पोलिसाला वीस मिनिटं नुसतं उभं राहणं हे काम केल्यासारखंच वाटत नाही, आणि त्यात त्याची चूकही नाही, त्याला कुणी तसं शिकवलेलंच नसतं.

अमेरिकेत हा विषय पेटला कारण तिथल्या पोलिसांकडे नुसती काठी नाही, पिस्तूल असतं. वॉशिंग्टन पोस्ट या पेपरने २०१५ पासून पोलिसांच्या गोळीने मेलेल्यांची नोंद ठेवली, वर्षाला साधारण हजार माणसं, आणि त्यातल्या साधारण पाचातल्या एकाला मानसिक आजार असल्याची माहिती समोर आली. फिलाडेल्फियात ऑक्टोबर २०२० मध्ये एका कुटुंबाने, त्यांच्या म्हणण्याप्रमाणे, अँब्युलन्ससाठी फोन केला होता, आले पोलीस, आणि हातात चाकू असलेल्या २७ वर्षांच्या मुलाला त्यांनी आईसमोर गोळ्या घातल्या.

पण सुरुवात त्याच्या खूप आधीची आहे. सप्टेंबर १९८७ मध्ये मेम्फिस शहरात असाच एक तरुण चाकूने स्वतःलाच जखमा करून घेत होता, पोलीस आले आणि गोळीबारात तो गेला. लोक चिडले, आणि १९८८ मध्ये मेम्फिस पोलिसांनी डॉक्टर, विद्यापीठं आणि पेशंटच्या घरच्यांना बरोबर घेऊन एक ट्रेनिंग बसवलं, निवडक पोलिसांना ४० तास, आजार म्हणजे काय, बोलायचं कसं, न्यायचं कुठे. क्रायसिस इंटरव्हेन्शन टीम म्हणतात त्याला, सीआयटी. अमेरिकेत ते खूप पसरलं. यातून पोलिसांचा दृष्टिकोन बदलतो हे अभ्यासांत दिसलं, पण बळाचा वापर खरंच कमी होतो का यावर पुरावा अजून डळमळीत आहे. म्हणजे चांगलं आहे, पण शेवटी येतो तो पोलीसच.

दुसरी पद्धत म्हणजे जोडी, को-रिस्पॉन्डर. एका गाडीत एक पोलीस आणि एक मेंटल हेल्थवाला, किंवा पोलीस आधी जातात आणि जागा सेफ आहे म्हटल्यावर दुसरा येतो, किंवा आता काही ठिकाणी पोलिसाच्या हातातल्या टॅबवर व्हिडिओ कॉलने काउन्सेलर येतो (गावखेड्यात जिथे माणूस पोचायलाच दोन तास लागतात तिथे हे बरं पडतं). कॅनडात व्हँकुव्हरला साध्या कपड्यातला पोलीस आणि नर्स यांची 'कार ८७' कित्येक दशकं फिरतेय. लॉस एंजेलिसमध्ये ९० च्या दशकापासून अशा टीम आहेत. इंग्लंडमध्ये २०१३ पासून स्ट्रीट ट्रायाज नावाने पोलिसांबरोबर नर्स द्यायला लागले.

इंग्लंडचं थोडं सविस्तर सांगतो कारण तिथे जोडीचा खरा फायदा कळतो. तिथल्या कायद्याचं कलम १३६ आहे, रस्त्यावर कुणी मानसिक त्रासात दिसलं तर पोलीस त्याला सुरक्षित जागी नेऊ शकतात, थोडक्यात ताब्यात घेऊ शकतात. आता रात्री पुलाच्या कठड्यावर एक बाई उभी आहे, पोलिसाला तिच्याबद्दल काय माहिती असणार? काहीच नाही, म्हणून तो सेफ गेम खेळतो, उचलतो. बरोबर नर्स असली तर ती हॉस्पिटलच्या रेकॉर्डमध्ये बघते, हिची केस कुठे चालू आहे, काल गोळी बदललीये का, हिची नेहमीची वर्कर कोण, तिला सकाळी भेटवता येईल का. पोलिसाला ते रेकॉर्ड बघायचा हक्कच नाही आणि नसावाही. डिसेंबर २०१७ पासून तर तिथे नियमच झाला की १३६ लावायच्या आधी शक्य असेल तर हेल्थवाल्याला विचारा, आणि ताब्यात ठेवायची मुदत ७२ तासांवरून २४ वर आली. म्हणजे गोड बोलणं हा एक भाग झाला, पण जोडीतल्या दुसऱ्या माणसाकडे जी माहिती असते आणि पुढची अपॉइंटमेंट देण्याची जी ताकद असते ती जास्त महत्त्वाची. हे लोकांच्या लक्षात येत नाही.

तिसरी पद्धत म्हणजे पोलीस नाहीतच. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात युजीन नावाचं शहर आहे, तिथे व्हाइट बर्ड क्लिनिक म्हणून हिप्पी काळातला एक दवाखाना, त्यांनी १९८९ मध्ये काहूट्स नावाची व्हॅन सुरू केली, एक मेडिक आणि एक क्रायसिस वर्कर, युनिफॉर्म नाही, हत्यार नाही. फोन पोलिसांच्याच कंट्रोल रूमला यायचा आणि तिथून व्हॅन पाठवायचे. २०२० मध्ये जॉर्ज फ्लॉइड प्रकरणानंतर (पोलिसाने मानेवर गुडघा दाबून धरल्याने तो गेला) सगळी अमेरिका यांच्याकडे बघायला लागली, कारण क्लिनिकवाले सांगत होते की २०१९ मध्ये सुमारे २४,००० कॉल घेतले आणि पोलिसांची मदत मागावी लागली साधारण १५० वेळा.

आकडा भारी आहे, पण जरा थांबा. त्या २४,००० मध्ये "अमुक माणूस दिसला नाही, जरा बघून या", "याला गाडीने निवाऱ्यात सोडा" असले पुष्कळ कॉल होते, जिथे एरवीही पोलीस गेले नसते. क्लिनिकचा दावा होता की पोलिसांचे १७ टक्के कॉल आम्ही उचलतो, युजीनच्या पोलिसांनी स्वतःचा हिशोब मांडून सांगितलं की खरं तर ५ ते ८ टक्के. माझ्या मते ५ टक्के धरले तरी काम मोठंच आहे, पण व्हॉट्सॲपवर फिरणारे आकडे जसेच्या तसे गिळू नयेत एवढंच. आणि पुढची गोष्ट जास्त वाईट आहे, एप्रिल २०२५ मध्ये युजीनमधली ही सेवा पैशाअभावी बंद पडली. ज्या व्हॅनची नक्कल करायला ठिकठिकाणची शहरं धडपडत होती तिच्याच गावात ती थांबली.

डेन्व्हरचं मला जास्त पटतं, कारण त्यांनी दोन्ही ठेवलं. २०१६ पासून पोलिसांबरोबर जाणारे काउन्सेलर आहेतच, जिथे हत्यार आहे, मारहाण आहे तिथे ती जोडी. आणि जून २०२० पासून स्टार नावाची वेगळी व्हॅन, एक क्लिनिशियन आणि एक पॅरामेडिक, फुटपाथवर झोपलेला, दुकानासमोर एकटाच ओरडणारा, कपडे काढून फिरणारा असल्या कॉलसाठी. पहिल्या सहा महिन्यांत व्हॅन ७४८ कॉलला गेली आणि एकालाही अटक करावी लागली नाही. पुढे स्टॅनफर्डच्या दोन संशोधकांनी अभ्यास केला, २०२२ मध्ये सायन्स ॲडव्हान्सेस या जर्नलमध्ये आला, त्यात दिसलं की जिथे व्हॅन फिरली तिथे किरकोळ गुन्ह्यांच्या नोंदी ३४ टक्क्यांनी कमी झाल्या आणि गंभीर गुन्हे काही वाढले नाहीत. यातली मेख अशी की जो माणूस आजारी आहे त्याला पूर्वी "गोंधळ घातला" म्हणून गुन्हेगार लिहिलं जायचं, आता पेशंट म्हणून नेलं गेलं, त्यामुळे नोंद कमी झाली. म्हणजे शहर अचानक सद्गुणी झालं असं समजू नका. पण केस, कोर्ट, जेल, जामीन हा सगळा खर्च आणि त्या माणसाच्या कपाळावरचा शिक्का वाचला, हे खरंच.

मग कोण जाणार हे ठरवतं कोण? इथे माझा खरा मुद्दा येतो. सगळी चर्चा गाडीत कोण बसलंय यावर होते, पण निकाल बऱ्याचदा त्याच्या आधी फोनवर लागलेला असतो. कंट्रोल रूममध्ये हेडफोन लावून बसलेली व्यक्ती दोन-तीन मिनिटांत ठरवते हा कॉल "हाणामारी" की "आजारी माणूस". घाबरलेली आई "तो आम्हाला मारून टाकेल" एवढंच म्हणाली की स्क्रीनवर हिंसाचाराचा कोड पडतो आणि मग व्हॅन बिन राहिली बाजूला, पोलीसच जाणार, तेही फुल तयारीत. म्हणून काही ठिकाणी कंट्रोल रूममध्येच काउन्सेलर बसवलेत. अमेरिकेत जुलै २०२२ पासून ९११ (पोलीस-अँब्युलन्सचा नंबर) सोडून ९८८ हा वेगळा मानसिक संकटाचा नंबर आला. इंग्लंडमध्ये हंबरसाइड पोलिसांनी २०२० मध्ये नियमच केला की जिवाला धोका किंवा गुन्हा असेल तरच आम्ही येऊ, बाकी हेल्थवाल्यांनी बघायचं, आणि २०२३ मध्ये लंडन पोलिसांनीही तोच मार्ग धरला. ऐकायला बरोबर वाटतं, पण पोलीस बाजूला झाले आणि हेल्थवाल्यांकडे माणसं तेवढीच राहिली तर मधल्या मधे पेशंट लोंबकळतो, ही तिथली तक्रार आहे आणि ती रास्त आहे.

बाकी अडचणी पटकन सांगतो. जोडी बऱ्याच शहरांत ठरावीक शिफ्टलाच असते आणि संकट रात्री तीनला येतं. गाड्या कमी, शहर मोठं. मग प्रसंगात पुढाकार कुणाचा, पोलिसाचा की सोशल वर्करचा, हे आधी ठरलेलं नसेल तर दारात उभं राहून दोघं दोन सूचना देतात. गाडीत पेशंटने वर्करला सांगितलं की मी अमुक ड्रग घेतलंय, तर ते पोलिसाच्या कागदावर जाणार का? जाणार असेल तर पुढच्या वेळी तो तोंड उघडणार नाही. आणि सगळ्यात मोठं, समजावून-सुमजावून गाडीत बसवला, आता न्यायचा कुठे? बेड नसेल, निवारा नसेल तर जगातला बेस्ट सोशल वर्कर दिला तरी तो माणूस दोन दिवसांनी त्याच चौकात. पाइप बसवला आणि टाकीच नाही, असा प्रकार.

आता आपलं. भारतात मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा, लागू झाला मे २०१८ पासून. त्याचं कलम १०० सांगतं की हद्दीत कुणी मानसिक आजार असलेला माणूस भटकताना दिसला आणि स्वतःची काळजी घेऊ शकत नसला किंवा त्याचा स्वतःला-दुसऱ्याला धोका असला तर पोलीस स्टेशनच्या इन्चार्जने त्याला संरक्षणात घ्यायचं, का घेतलं ते त्याला सांगायचं, २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी दवाखान्यात न्यायचं, आणि लॉकअपमध्ये अजिबात ठेवायचं नाही. बेघर असेल तर हरवल्याची नोंद करून घरचे शोधायचे. आत्महत्येचा प्रयत्न केलेल्यावर गुन्हा चालवायचा नाही, तो प्रचंड ताणाखाली होता असंच धरायचं, हे कलम ११५. पोलिसांना या विषयाचं ट्रेनिंग वेळोवेळी द्या हेही कायद्यातच आहे. वाचायला एकदम छान कायदा आहे, खरंच.

पण वरचा दीड वाजताचा मुलगा रस्त्यावर नाही, घरात आहे. त्याच्यासाठी कलम ९४ही आहे, तातडीचे उपचार कुठलाही रजिस्टर्ड डॉक्टर करू शकतो, ७२ तासांपर्यंत, पेशंटचा प्रतिनिधी हजर असेल तर त्याच्या संमतीने, आणि हॉस्पिटलपर्यंत नेणंही त्यात आलं. म्हणजे कागदावर पोलीसही आहेत आणि डॉक्टरही. प्रत्यक्षात रात्री दारात येणार ते फक्त पोलीस, आणि त्यांच्या शेजारी उभं कुणीच नाही. राज्यात मोठी सरकारी मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी, नंदुरबारहून यातलं कुठलंही शेकडो किलोमीटर लांब. कायदा "जवळचा सरकारी दवाखाना" म्हणतो म्हणजे जिल्हा रुग्णालय चालतं, पण तिथे त्या रात्री मनोविकारतज्ज्ञ हजर असेलच असं नाही. निम्हान्स या बंगळूरच्या मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात केरळ सोडलं तर पाहणी केलेल्या राज्यांत लाख लोकांमागे एक मनोविकारतज्ज्ञसुद्धा भरत नव्हता, मग हवालदाराने उजाडेपर्यंत करायचं काय?

अजून एक फरक. अमेरिकेत भीती पोलिसांच्या गोळीची, आपल्याकडे जास्त भीती जमावाची. तंद्रीत फिरणारा, भाषा न कळणारा परप्रांतीय माणूस दिसला की "पोरं पळवणारा आहे" म्हणून चार जण मोबाइल काढतात, बाकीचे हात साफ करतात. अशा वेळी वाचवतात ते पोलीसच, हे सांगायलाच हवं. पुढे अशा माणसाला उपचार देऊन घरी पोचवायचं काम कर्जतच्या श्रद्धा फाउंडेशनसारख्या संस्था करतात, त्यांच्या डॉ. भरत वाटवानींना २०१८ चा मॅगसेसे मिळाला, पण अशा संस्था किती, आणि भटकणारी माणसं किती.

आणि गंमत म्हणजे पोलिसांशेजारी सोशल वर्कर बसवायची आयडिया आपल्याला अमेरिकेकडून आणायची गरजच नाही. मुंबईत टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस आणि मुंबई पोलीस यांनी १९८४ मध्येच महिला आणि मुलांसाठी स्पेशल सेल सुरू केला, पोलीस आयुक्तालयाच्या आवारात, प्रशिक्षित सोशल वर्कर. नवऱ्याने मारलं म्हणून आलेल्या बाईचं आधी कुणीतरी पूर्ण ऐकून घ्यायचं, तिला काय हवंय ते विचारायचं, मग तक्रार, निवारा, कोर्ट, जे लागेल ते. वर्कर पोलिसांच्या इमारतीत बसतात पण पोलिसांच्या हाताखाली नाहीत, ही त्यातली चावी. साहेबांनी "मिटवून टाका" म्हटलं तरी त्या बाईच्या बाजूने उभं राहता येतं, कारण आपला बॉस वेगळा आहे. पुढे राज्य सरकारच्या महिला व बालविकास विभागाने हे जिल्ह्याजिल्ह्यांत नेलं आणि दुसऱ्या राज्यांनीही उचललं.

म्हणजे साचा तयार आहे, चाळीस वर्षं वापरून बघितलेला, फक्त मानसिक संकटासाठी तो कुणी वापरत नाही. माझं साधं म्हणणं, लगेच व्हॅन बिन नको, आधी प्रत्येक जिल्ह्याच्या कंट्रोल रूमला रात्रीचा एक वर्कर बसवा जो ११२ चा कॉल ऐकेल, बीट मार्शलशी फोनवर बोलत राहील आणि जिल्हा रुग्णालयात आधीच सांगून ठेवेल की पेशंट येतोय. पगार आरोग्य खात्याने द्यावा, पोलिसांनी नाही. व्हॅनचं नंतर बघू, युजीनचं काय झालं ते वर सांगितलंच.

तोपर्यंत घरच्यांनी काय करायचं? टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर सेव्ह करा, ऑक्टोबर २०२२ पासून आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं, मात्र ती फोनवरची सेवा आहे, दारात गाडी येत नाही. त्यामुळे प्रकरण हाताबाहेर जायच्या आधी, झोप उडाली, गोळ्या बंद केल्या त्याच आठवड्यात फोन करा. पोलिसांनाच बोलवायची वेळ आली तर पहिल्या वाक्यात सांगा की माणूस आजारी आहे, कुठली ट्रीटमेंट चालू आहे, हातात काही आहे की नाही, घरात लहान मुलं आहेत का, आणि सायरन बंद करून या. "दम द्या" अजिबात म्हणू नका. ते आले की सगळ्यांनी एकदम बोलायचं नाही, एकानेच, ज्याचं तो एरवी ऐकतो त्याने, आणि दुसऱ्याने तोवर गोळ्यांची चिठ्ठी शोधून हातात ठेवायची, कारण जिल्हा रुग्णालयात नाइट ड्युटीवरचा डॉक्टर आधी तोच कागद मागणार.